खाट मिळते, कागदाचे काय? : एका शहरी बेघर निवारा केंद्राचे परीक्षण

महापालिकेच्या निवारा केंद्राकडे बहुतेक लोक रात्री पाठ टेकायची जागा म्हणून पाहतात, आणि तपासणीला येणारे अधिकारीही खाटा मोजून, एखादी चादर उचलून आणि स्वच्छतागृहात डोकावून परत जातात. ज्या योजनेखाली ही केंद्रे उभी राहिली, त्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातील बेघर निवारा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत मात्र केंद्राचे काम याहून बरेच मोठे सांगितलेले आहे. तेथे राहणाऱ्या माणसाला ओळखीचा पुरावा आणि टपालाचा पत्ता मिळावा, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, बँक खाते आणि मतदार ओळखपत्र मिळावे, मुलांना सरकारी शाळेत प्रवेश मिळावा, गरज पडल्यास मोफत वकील मिळावा, आणि या सगळ्यांत त्याला प्राधान्य असावे, असे त्या सूचना सांगतात. म्हणून या परीक्षणात मी केंद्राची पारख खाटेवर कमी आणि कागदावर अधिक केली आहे. केंद्रातील रहिवाशांबरोबर सरकारी कार्यालयांत जाण्याचे काम मी स्वेच्छेने करते. महाराष्ट्रातील त्या शहराचे आणि केंद्राचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे आलेले दोष इतर शहरांत हेच काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्याही रोजच्या परिचयाचे आहेत.

खाटेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तेथे तक्रारीला फारशी जागा नाही. सूचनांनुसार शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय असलेले कायमस्वरूपी निवारे हवेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला किमान ५० चौरस फूट जागा यायला हवी. दुसऱ्या निकषाला हे केंद्र जवळपास उतरते. पहिल्या निकषाचा हिशेब एका केंद्राकडे मागून उपयोग नाही, तो महापालिकेलाच विचारावा लागतो. दालन हवेशीर आहे, पाण्याची ददात नाही, पांघरुणे धुतलेली असतात आणि काळजीवाहक रहिवाशांना काका, मावशी अशीच हाक मारतात. हा शेवटचा गुण कोणत्याही तपासणी तक्त्यात नसतो, पण वर्षानुवर्षे ‘ए’ एवढेच ऐकत आलेल्या माणसाला तो पहिल्याच संध्याकाळी जाणवतो.

उणिवा दोन आहेत. केंद्र चोवीस तास खुले असणे अपेक्षित असताना सकाळी नाश्त्यानंतर सगळ्यांना बाहेर काढले जाते. मंडईत रात्रभर हमाली करणारा किंवा लग्नकार्यात वाढप्याचे काम आटोपून पहाटे परतणारा माणूस मग झोपणार केव्हा, याचा विचार वेळापत्रक आखणाऱ्याने केलेला दिसत नाही. दुसरी उणीव कुलूपबंद कप्प्यांची. ती वरवर किरकोळ वाटते, पण प्रस्तुत विषयाशी तिचा थेट संबंध आहे. बेघर माणसाचे कागद क्वचितच कोणी कागदांसाठी चोरते. उशाखालची पिशवी ओढली जाते आणि तिच्याबरोबर कागदही जातात, किंवा अतिक्रमण विभागाची गाडी पदपथावरील सामान उचलून नेते तेव्हा त्या बोचक्यातच आधारपत्र आणि बँकेचे पासबुक असते. अशा माणसांसाठी खाटेइतकाच कुलूप लागणारा एक कप्पा मोलाचा आहे, आणि तो या केंद्रात नाही.

बेघर कोणाला म्हणायचे, याविषयी सरकारी व्याख्येत संदिग्धता नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री रस्त्याच्या कडेला, पदपथावर, ह्यूम पाइपमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर उघड्यावर राहणाऱ्यांची मोजणी झाली. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांतले होते, आणि महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या पुढे होता. रात्री जागा बदलत राहणारी आणि गणवेशातला माणूस दिसताच आडोसा शोधणारी ही वस्ती एका रात्रीत पूर्ण मोजली जाते, यावर या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणाचाही विश्वास बसत नाही. तरी तोच आकडा आजही हाताशी आहे, कारण त्यानंतरची जनगणना लांबत गेली.

अशा माणसांना कायद्याने काही मिळतच नाही, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. मिळण्यासारखे बरेच आहे. पण प्रत्येक अर्जात नावाच्या खालच्याच ओळीत पत्ता विचारलेला असतो आणि बहुतेक अर्ज तेथेच अडकतात. निवारा केंद्राची खरी उपयुक्तता या ओळीपाशी सुरू होते.

आधारपासून सुरुवात करते, कारण बाकीचे सारे दरवाजे त्याच्या मागे आहेत. आधार कायदा, २०१६ च्या कलम ५ मध्ये महिला, मुले, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, असंघटित कामगार आणि भटक्या जमाती यांच्याबरोबरच कायमस्वरूपी घर नसलेल्या व्यक्तींसाठीही आधार देणाऱ्या प्राधिकरणाने विशेष उपाययोजना करावी, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. त्यानुसार मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाने किंवा संस्थाप्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र पुरावा म्हणून चालते. म्हणजे कोणाच्याही भाडेकरारावाचून आणि वीजबिलावाचून केंद्राचा व्यवस्थापक एका सहीने त्या माणसाला पत्ता देऊ शकतो. ज्या काळजीवाहकांशी माझा संबंध आला, त्यांतल्या बहुतेकांना ही तरतूद ठाऊकच नव्हती. व्यवस्थापकांना ती ठाऊक होती, पण आपल्या सहीवर कोणी गैरवापर केला तर काय, या धास्तीने ते हात आखडता घेत असत.

सही मिळाली तरी काम झाले असे समजू नये. भंगार वेचणारे साठीच्या पुढचे एक काका केंद्रात राहतात. त्यांचे प्रमाणपत्र आधार नोंदणी केंद्रातून परत आले, ते शिक्का फोटोच्या खाली मारला होता म्हणून. नमुन्यानुसार शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटायला हवा, सहीसुद्धा फोटोवरून कागदावर ओलांडून जायला हवी. नियमाला अर्थ आहे, फोटो बदलला जाऊ नये यासाठी तो आहे. पण तो निवारा केंद्राला कोणी समजावून सांगितलेला नव्हता. डिंकाने चिकटलेला फोटो सोडवताना कोपऱ्यातून फाटला, म्हणून नवा काढावा लागला, आणि तोवर खाडे झालेल्या दिवसांची मजुरी काकांना कोणी भरून दिली नाही. हे प्रमाणपत्र दिलेल्या तारखेपासून तीन महिनेच चालते, त्यामुळे एखादी फेरी फुकट गेली आणि माणूस कामासाठी दुसऱ्या गावी गेला की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

वास्तविक ज्यांना नवे आधार हवे असते त्यांच्यापेक्षा ज्यांचे आधार आधीच झालेले आहे आणि आता हरवले आहे असे रहिवासी कितीतरी अधिक भेटतात. त्यांची नव्याने नोंदणी करणे हा चुकीचा उपाय आहे. बोटांचे आणि बुबुळांचे ठसे आधीच्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो, तोही आठवडे उलटून गेल्यावर. आधार सेवा केंद्रात ठशांवरून जुना क्रमांक शोधून त्याची प्रत अल्प शुल्कात काढून मिळते, हे निवारा केंद्राच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवे. येथे दुसरी अडचण येते ती बोटांची. सिमेंट, चुना आणि भंगार हाताळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत त्यांना यंत्रासमोर ‘काका, जरा दाबून ठेवा, पुसून ठेवा’ असे पुन्हा पुन्हा सांगितले जाते, आणि रांगेतल्या लोकांच्या नजरा टाळत ते निघून जातात. बुबुळांचा पर्याय उपलब्ध असतो. तो मागावा लागतो. ज्याला आधार क्रमांकच मिळालेला नाही त्याला ओळखीचे पर्यायी साधन देऊन लाभ द्यावा, असे कलम ७ सांगते. हे वाक्य अर्जाच्या खिडकीवर उच्चारल्यावर पलीकडच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, त्यावरून ते किती वेळा उच्चारले जात असेल याची कल्पना येते.

याच्या अगदी उलट अनुभव मतदार नोंदणीचा आहे, आणि या परीक्षणात मी ज्याला निःसंकोच चांगले म्हणेन असे एकच काम ते आहे. निवडणूक आयोगाच्या नमुना ६ मधील सूचनांनुसार बेघर अर्जदाराला निवासाचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागत नाही. त्याने जी जागा लिहिली असेल, मग तो पदपथ असो की पुलाखालचा खांब, तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जावे, माणूस तेथे खरोखर झोपतो का ते पाहावे, आणि एका रात्रीवर न थांबता पुन्हा जावे, असा तो नियम आहे. प्रत्यक्षात अधिकारी दर वेळी येतातच असे नाही. पण नियमाची दिशा योग्य आहे. माणसाकडे कागद नाही म्हणून त्याला परत पाठवण्याऐवजी यंत्रणेने स्वतः जाऊन खात्री करायची, हे तत्त्व मतदार यादीसाठी चालते, तर शिधापत्रिका आणि निवृत्तिवेतन यांच्यासाठी ते का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही कार्यालयात मिळालेले नाही.

शिधापत्रिकेचे गणित निराळे आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. शहरी लोकसंख्येपैकी देशपातळीवर ५० टक्क्यांपर्यंतच लोकांना या कायद्याखाली घेता येते आणि तो हिशेब २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेला आहे. त्यामुळे नवे नाव घालायचे तर इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, शिल्लक असावा लागतो, आणि तो शिल्लक नाही हे उत्तर तयारच असते. कोणाचे नाव गावाकडच्या कार्डावर असेल तर ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेमुळे त्याला या शहरातल्या स्वस्त धान्य दुकानातही आपला वाटा उचलता येतो. हा मार्ग सर्वांत सोपा असूनही केंद्रातील नोंदणीच्या वेळी ‘गावाकडे कार्ड आहे का?’ हा साधा प्रश्न विचारला जात नाही.

परंतु धान्य मिळाले तरी ते शिजवायचे कोठे? पदपथावरच्या माणसाला कच्चा तांदूळ देणे म्हणजे निम्मीच मदत करणे होय. २०११ मध्ये संसदेत आलेल्या अन्नसुरक्षा विधेयकात बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरातून परवडणारे जेवण आणि निराधारांना दिवसाला एक मोफत जेवण देण्याची तरतूद होती. २०१३ च्या कायद्यात ती उरली नाही. या पार्श्वभूमीवर निवारा केंद्रातले सामायिक स्वयंपाकघर ही चैनीची सोय नव्हे. या केंद्रात गॅस आहे, भांडी आहेत, आणि कार्ड असलेल्या चार-पाच जणी मिळून धान्य उचलतात व एकत्र शिजवतात. ज्यांना धान्य मिळत नाही त्यांच्याकडून त्या भाजीचे पैसे घेतात आणि त्यांना जेवू घालतात. ही व्यवस्था व्यवस्थापनाने बसवलेली नाही, त्या बायकांनी स्वतः बसवली आहे, आणि केंद्राने एवढे शहाणपण दाखवले की त्यात नाक खुपसले नाही.

आता निवृत्तिवेतन. सेवेची खरी कसोटी येथे लागते आणि येथेच ती उणी पडते. संजय गांधी निराधार अनुदान योजना पासष्ट वर्षांखालील निराधारांसाठी आहे, आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. २०२३ मध्ये दोन्हींची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. केंद्र सरकारचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ८० वर्षांखालील व्यक्तींसाठी आजही २०० रुपयांवर थबकलेला आहे, त्यामुळे राज्याने घातलेली भर लक्षणीय म्हणावी लागेल. रस्त्यावर राहणारी विधवा, परित्यक्ता, दिव्यांग व्यक्ती किंवा क्षयरोगी यांच्याइतके निराधार कोण असणार? पण अर्जासोबत महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला आणि वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. पंधरा वर्षे एकाच उड्डाणपुलाखाली काढलेल्या माणसाकडे त्या पंधरा वर्षांचा एकही कागद नसतो, कारण तेथे घरपट्टी येत नाही, वीजबिल येत नाही आणि टपालही येत नाही. उत्पन्नाची मर्यादा तर अशी आहे की दिवसाला ५८ रुपये मिळवणारा माणूस वर्षाच्या हिशेबात तिच्या बाहेर जातो. पोटापुरते भंगार वेचले की तो कागदोपत्री निराधार राहत नाही.

तहसील कार्यालयातला एक संवाद येथे नोंदवते, कारण अडचणीचे स्वरूप त्यातून नेमके कळते. ‘बाबा, राहायला कुठे?’ ‘पुलाखाली, साहेब.’ ‘कधीपासून?’ ‘पूल बांधत होते तेव्हापासून. बांधायला मीच होतो.’ लिपिक हसले नाहीत, त्यांनी अपमानही केला नाही. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘ताई, हे मी कोणत्या रकान्यात लिहू?’ त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. माणूस खोटे बोलत नाही हे त्यांना दिसत होते, पण जे दिसते ते नोंदवायला अर्जात जागा नव्हती.

येथे निवारा केंद्राच्या हाती एक गोष्ट आहे जिचे मोल त्याला अजून पुरते कळलेले नाही, आणि ती म्हणजे रात्रीची नोंदवही. दररोज संध्याकाळी प्रत्येक रहिवाशाचे नाव, वय, आल्याची वेळ आणि सही किंवा अंगठा तिच्यात घेतला जातो. बेघर माणसाच्या वास्तव्याचा तारीखवार पुरावा महापालिकेच्या अखत्यारीत कोठे असेल तर तो या वहीत आहे. पण वही भरली की ती कपाटात जाते, जुन्या वह्या एका गोणीत भरून जिन्याखाली ठेवलेल्या आहेत आणि त्यांतल्या काहींची पाने पावसाळ्यात एकमेकांना चिकटली आहेत. नोंदवहीचा प्रमाणित उतारा मागितल्यावर ‘असा नमुनाच नाही’ असे उत्तर मिळाले. नमुना नसेल तर करता येतो. माझ्या मते या केंद्राने पुढच्या वर्षी एकच सुधारणा करायची ठरवली तर रंगरंगोटी बाजूला ठेवून ही करावी. उतारा मिळेपर्यंत आम्ही इतर कागद गोळा करतो: सरकारी रुग्णालयातले जुने केसपेपर, गावच्या शाळेचा दाखला, जुन्या मतदार यादीतले नाव, आणि एका मावशींच्या प्रकरणात तर अतिक्रमण विभागाने वेळोवेळी केलेल्या दंडाच्या पावत्या. ज्या पावत्यांनी त्या मावशींना जागेवरून हुसकावले होते, त्यांवरच त्या अनेक वर्षे त्याच चौकात असल्याचे सिद्ध झाले.

स्त्रियांच्या बाबतीत २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची भर पडली. २१ ते ६५ वयोगटातील निराधार महिलांचा तीत स्पष्ट उल्लेख आहे आणि अधिवास प्रमाणपत्र नसल्यास पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला यांपैकी एक चालतो. पर्याय दिले हे चांगलेच झाले. मात्र हे चारही पर्याय कधीकाळी घर, शाळा किंवा दवाखाना लाभलेल्या बाईलाच सुचू शकतात. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात, म्हणून खाते हा पुढचा अडथळा ठरतो, आणि तो दूर करण्याचा उपाय नियमांत आधीपासून आहे. अधिकृत ओळखपत्र नसलेल्या व्यक्तीला बँकेत अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून आणि स्वतःचा फोटो देऊन ‘छोटे खाते’ उघडता येते. त्यात ५० हजारांपेक्षा अधिक शिल्लक राहू शकत नाही, महिन्याला १० हजारांपेक्षा अधिक काढता येत नाहीत, वर्षभरात एक लाखाहून अधिक जमा होऊ शकत नाहीत, आणि ते बारा महिने चालते. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचे दाखवल्यास आणखी बारा महिने मिळतात. बेघर माणसाला या मर्यादा जाचणार नाहीत. जाचते ते शाखेतले ‘असे खाते आमच्याकडे उघडत नाहीत’ हे वाक्य, आणि तेथे निवारा केंद्राचा माणूस सोबत असला तर फरक पडतो. या केंद्राचा माणूस सोबत येत नाही. तीन पाळ्यांत विभागलेल्या तुटपुंज्या कर्मचाऱ्यांतून तो काढणार कोठून, असा प्रतिप्रश्न व्यवस्थापक करतात, आणि तो गैरलागू नाही.

आरोग्याच्या बाबतीत एकच तक्रार नोंदवते, पण ती गंभीर आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार निराधार किंवा बेघर मनोरुग्णाला, त्याच्याकडे दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असो वा नसो, शासकीय संस्थांत विनामूल्य उपचार मिळण्याचा हक्क आहे; आणि भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेण्याचे काम कलम १०० ने पोलिसांवर सोपवलेले आहे. असे असताना स्वतःशी बोलणाऱ्या एका बाईंना केंद्राच्या दारातून परत पाठवण्यात आले, कारण ‘इतर रहिवाशांना त्रास होईल’. केंद्राने त्यांना ठेवून घ्यायलाच हवे होते असे मी म्हणत नाही, तेवढी सोय तेथे खरोखरच नाही. पण पोलीस ठाण्याला एक फोन करणे अवघड नव्हते. ते झाले नाही.

रहिवासी स्वतःहून या सेवा का मागत नाहीत, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तराचा मोठा भाग १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे किंवा राहणे, आणि तेही भिकेवर जगत असल्याचे वाटावे अशा रीतीने, हे या कायद्याच्या व्याख्येत ‘भीक मागणे’ ठरते, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी राजधानीपुरत्या यातील मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात कायदा उभा आहे. निवृत्तिवेतनासाठी माणसाने सिद्ध करायचे की मला उपजीविकेचे साधन नाही, आणि पोलिसांसमोर सिद्ध करायचे की आहे. ज्याने भिक्षेकरी पथकाची गाडी एकदा पाहिली आहे, तो सरकारी शिक्का असलेल्या कोणत्याही कागदावर सहजासहजी अंगठा उठवत नाही. केंद्रात नोंद करतानाही अनेक जण खोटे नाव सांगतात, आणि मग पुढे आधारवरचे नाव आणि नोंदवहीतले नाव जुळत नाही. पहिल्या रात्री नाव विचारण्यापूर्वी ही नोंद पोलिसांसाठी नाही हे समजावून सांगण्याची पद्धत केंद्राने सुरू करावी. त्याला पैसा लागत नाही.

पैशाचा प्रश्न अर्थात खरा आहे. न्यायालयांनी आपल्या परीने बरेच रेटून पाहिले आहे. पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावलेला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, आणि २०१६ मध्ये निवारा योजनेच्या अंमलबजावणीची पाहणी करण्यासाठी न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयाला सांगितले की नव्या शहरी दारिद्र्य निर्मूलन अभियानाला अंतिम रूप दिले जात आहे आणि त्यात बेघरांच्या निवाऱ्याचा विचार केलेला आहे. दरम्यान निवारा केंद्र चालवणाऱ्या संस्थेची देयके रखडतात, काळजीवाहकांचे पगार लांबतात आणि अनुभवी माणूस नोकरी सोडून जातो. शिक्का फोटोवर कसा मारायचा हे ज्याला शिकवले, तो पुढच्या वेळी तेथे नसतो.

इतके असूनही एखादी बेघर व्यक्ती तुमच्या परिचयाची असेल तर तिला अशा केंद्रात नाव नोंदवायला मी जरूर सांगेन, ती तेथे रोज झोपणार नसली तरी. नोंद झाल्यावर आधी हरवलेले आधार शोधावे, मग छोटे खाते आणि नमुना ६ एकाच सुमारास करावे, गावाकडच्या शिधापत्रिकेची चौकशी त्याच आठवड्यात करावी, आणि निवृत्तिवेतनाचा अर्ज या सगळ्यांचे कागद हाती आल्यावरच भरावा. तो आधी भरला की त्रुटीत निघतो आणि महिने जातात. कागदांच्या छायाप्रती केंद्राच्या फाइलमध्ये आणि एक संच तुमच्या घरी ठेवावा. कोणत्याही खिडकीवर नकार मिळाला तर तो लेखी मागावा. अधिसूचित सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जाची पोच, ठरलेली मुदत, नकाराचे लेखी कारण आणि त्याविरुद्ध अपील या चारही गोष्टी अर्जदाराच्या हक्काच्या आहेत, आणि उत्पन्नाचा दाखला या सेवांमध्ये येतो. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही, हे खिडकीपलीकडच्यांना चांगले ठाऊक असते.

हे लिहून होत असताना केंद्राच्या व्यवस्थापकांनी नोंदवहीचा उतारा महापालिकेच्या पत्रशीर्षावर द्यायला सुरुवात केली आहे. पूल बांधलेल्या बाबांच्या अर्जासोबत पहिला उतारा जोडला. तहसील कार्यालयाने तो ‘विहित नमुन्यात नाही’ असा लेखी शेरा मारून परत केला, आणि त्या शेऱ्याविरुद्ध अपील दाखल झालेले आहे.